पहिल्या हाकेला ओ नाही

पालकांशी संवाद कसा साधावा याची प्रशिक्षणं मी नोकरीत भरपूर केली. महाडला आम्हा प्राथमिक शिक्षकांना एका सभागृहात गोल बसवायचे. एकाने पालक व्हायचं, एकाने शिक्षक, आणि दोघांनी फार समजूतदारपणे बोलायचं. मला दरवेळी पालक करायचे, कारण माझा आवाज मोठा. चहा-बिस्किटं होऊन आम्ही घरी यायचो, आणि सोमवारी शाळेत गेलं की खरा पालक त्या गोलातलं एकही वाक्य बोलायचा नाही.

आता निवृत्त झाल्यावर नव्या शिक्षिका घरी येतात. विचारतात, बाई, पालक शाळेकडे फिरकत नाहीत, काय करायचं? मी त्यांना हिरकणीवाडीची गोष्ट सांगते. तिथे एका मुलाची आई रायगड बघायला येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. निरोप धाडून मी थकले, पण ती सभेला यायची नाही. शेवटी मीच तिच्या टपरीत जाऊन बाकावर बसले. तिने मला गिऱ्हाईक समजून ताट वाढलं. ती भाकरी तव्यावर टाकायची, मी तिच्या मुलाबद्दल एक वाक्य बोलायची; ती भाकरी उलटायची, मी दुसरं बोलायची. गर्दी ओसरल्यावर ती म्हणाली, "बाई, मी पोराशी जेव आनि झोप एवढंच बोलते. अजून काय बोलायचं असतं ता मला कोनी सांगितलंच नाय." त्या दिवशी मला कळलं, की पालक शाळेत येत नसेल तर शाळेने उठून चुलीपाशी जायचं.

नाते गावच्या शाळेतल्या आजोबांचीही सांगते. ते प्रत्येक सभेला इस्त्रीची टोपी घालून यायचे आणि नातवाऐवजी स्वतःच्या मुलाची तक्रार करायचे. तो मुंबईहून फोन करत नाही, बाईंनी त्याला समज द्यावी. मी खरंच दिली. बिचारा फोनवर "हो बाई, हो बाई" करत राहिला.

नव्या शिक्षिका हसतात, चहा पितात आणि जातात. वरच्या वाडीची गोष्ट मात्र मी त्यांना सांगत नाही. सांगितली तर त्या बदलीचा अर्ज करतील. ती इथे लिहिते.

वाडीचं खरं नाव लिहीत नाही. वरची वाडी म्हणू. पोलादपूरहून घाटाच्या अंगाला. महाडहून मी एसटीने पोलादपूरला जायची, तिथून वडापच्या जीपने डोंगराच्या पायथ्याशी, आणि पुढे चढण. घरं थोडकी, बहुतेक घरांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं. मधली पिढी मुंबईला. शाळा वाडीच्या अगदी टोकाला, दोन खोल्यांची. मी एकटीच शिक्षिका. शाळेच्या मागे उघडा कातळ, कातळाच्या डाव्या हाताला सरळ तुटलेला कडा, उजव्या हाताला नाचणीची उतरती खाचरं. त्या खाचरांच्या बांधांवरून एक जुनी पायवाट खाली रस्त्याला जाते.

पहिल्या दिवशी हजेरी घ्यायला बसले. पहिलं नाव घेतलं. पोरगा समोर बसलेला, माझ्या तोंडाकडे बघतोय, पण बोलेना. पुन्हा घेतलं. नाही. आवाज चढवून तिसऱ्यांदा घेतलं, तर शांतपणे म्हणाला, "हजर, बाई." दुसऱ्या मुलीचं तेच. तिसऱ्याचं तेच. सगळा वर्ग माझी थट्टा करतोय असं मला वाटलं. पण एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं.

दुपारी घरभेटीला निघाले तर तीच कथा. अंगणात उभी राहून हाक मारावी, तर घरातून आवाज नाही. कौलांतून धूर निघतोय, आत भांडं वाजतंय, म्हणजे माणूस आहे. पण दार उघडत नाही.

शाळेची खिचडी शिजवायला सुभद्राआजी होत्या. काटक बाई, बोलणं तोडून टाकल्यासारखं. त्यांची नात सानिका दुसरीत होती. मी आजींनाच विचारलं, "ही मुलं अशी का करतात?"

"कशी?"

"तीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाहीत."

"मग तीनदाच मारायची," आजी म्हणाल्या. "पयल्या हाकेला ओ देत नाय आमच्यात."

"का?"

"हाक कोनाची ता कळाया नको? मानूस असंल तर पुन्ना मारंल. त्याला काय, घसा हाय."

"आणि माणूस नसेल तर?"

आजी पातेल्यात डाव फिरवत राहिल्या. "मग एकदाच येते," त्या म्हणाल्या, आणि मीठ बघायला चमचाभर खिचडी माझ्या हातावर ठेवली.

मी विज्ञान शिकवणारी बाई. दरीत आवाज घुमतो, लांबची हाक जवळ वाटते, मुलं चुकून कड्याकडे जाऊ नयेत म्हणून कुण्या शहाण्या म्हाताऱ्याने हा नियम घातला असणार, असा अर्थ मी लावला. आणि नियम पाळायला लागले. हजेरीला तीनदा नाव. अंगणात तीनदा हाक. दारं उघडायला लागली. आत बोलावून बसवायला लागले, पाण्याबरोबर गूळ द्यायला लागले. कुणाचं पोर रात्री अंथरूण ओलं करतं, कुणाला आकडे उलटे दिसतात, हे सगळं मला त्या तिसऱ्या हाकेनंतर कळलं. महाडच्या सभागृहात इतकी वर्षं गोल बसून हे कुणी शिकवलं नव्हतं.

मग मी माझी स्वतःची भर घातली.

आईबाप मुंबईला, म्हणजे पालकसभा घ्यायची कुणाची? वाडीत मोबाइलला रेंज नव्हती. फक्त शाळेमागच्या कातळावर उभं राहिलं की यायची. मी ठरवलं, दर शनिवारी शाळा सुटताना एकेका मुलाच्या आईला फोन लावायचा, स्पीकरवर ठेवायचा, आधी मी अभ्यासाचं बोलायचं, मग मूल बोलेल. आयांना ते फार आवडलं. कुणी धुणंभांडी टाकून फोन घ्यायची, कुणी कारखान्यातल्या जिन्यात उभी राहून. आमच्या साहेबांनाही आवडलं. त्यांनी बैठकीत माझं नाव घेतलं. मला अभिमान वाटला, नाही कशाला म्हणू?

सानिका तर शनिवारची वाट बघायची. तिची आई रेश्मा मुंबईला चार घरी स्वयंपाक करायची, वडील टेम्पो चालवायचे. फोन लागला की रेश्मा एकदाच म्हणायची, "सानूऽ." आणि सानिका तिथल्या तिथे, श्वास न घेता, "ओ मम्मी."

एका शनिवारी सुभद्राआजी मागच्या पायरीवर उभ्या राहून हे बघत होत्या. मुलं गेल्यावर म्हणाल्या, "बाई, मानूस इथं नसताना त्याचा आवाज इथं आनू नका."

"आजी, तो फोन आहे."

"फोन हाय ता मला कळतं." त्यांनी कड्याकडे हनुवटी केली. "तिकडं कळतं का?"

मी हसले. आजी हसल्या नाहीत.

आषाढ लागला. त्या डोंगरावर आषाढातलं धुकं वरून उतरत नाही, ते दरीतून वर येतं. आधी कडा जातो, मग कातळ, मग शाळेच्या मागच्या खिडकीचे गज. दिवसाउजेडी वर्गात दिवा लावावा लागतो. अशा एका सकाळी मी बेरजा घालून दिल्या होत्या. सगळे पाट्यांवर वाकलेले. मध्येच सानिका उठून उभी राहिली आणि म्हणाली, "ओ."

मी तिला हाक मारली नव्हती.

"कुणाला ओ दिलीस गं?"

"मम्मी बोलवते."

"मम्मी मुंबईला आहे ना?"

तिने मागच्या खिडकीकडे बोट केलं. खिडकीत पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. मी वर्गाकडे पाहिलं. बाकीची सगळी मुलं माना खाली घालून बसली होती. कुणी पुसलेली पाटी पुन्हा पुसत होतं. त्यांनी काही ऐकलं का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं असंही मला वाटत नाही. त्यांची तोंडं बघून कळत होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी स्वतः ऐकलं. मधली सुट्टी संपत आली होती, मी वर्गात एकटी वह्या तपासत होते. मागून आवाज आला, "सानूऽ." रेश्माचाच. शेवटचा स्वर तसाच ओढलेला. आणि त्या आवाजाला हलकी खरखर होती, फोन स्पीकरवर ठेवल्यावर येते तशी. मी पर्समधून फोन काढला. बंद होता. बॅटरी वाचावी म्हणून सकाळी मीच बंद केला होता.

मी पुढच्या दाराकडे पाहिलं. ओट्यावर सानिका आजींच्या मांडीला टेकून उभी होती. आजींनी दोन्ही तळव्यांनी तिचे कान झाकले होते.

त्या शनिवारी मी फोन लावले नाहीत. मुलांना सांगितलं, फोन बिघडला. सानिका कातळाच्या कडेला उभी राहिली, मग घरी गेली. सोमवारी मधल्या सुट्टीत खिचडीच्या पंगतीत तिची ताटली रिकामी होती.

आजींनी आधी मोरीत पाहिलं, मी दुसऱ्या खोलीत. मग दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धुकं ओट्यापर्यंत आलं होतं. बाहेर पडून पाहिलं, तर शाळेची घंटा टांगलेला खांबही दिसत नव्हता.

मी ओरडायला तोंड उघडलं. आजींनी माझं मनगट धरलं. "थांबा. आधी बाकीची पोरं धरा."

त्यांनी घंटा वाजवली. अवेळी घंटा ऐकून वाडी आली. एरवी सभेला दोन माणसं जमवताना माझा जीव जायचा; त्या दिवशी घरटी माणूस आला, म्हाताऱ्या काठ्या टेकत आल्या. कुणी आरडाओरडा केला नाही. प्रत्येकाने आपापलं पोर शोधून त्याचा हात धरला आणि सगळे शाळेपुढे ओळीने उभे राहिले. धुक्यात ती ओळ अर्धीच दिसत होती. पुढचा अर्धा भाग नुसता खोकल्यावरून कळत होता.

सानिकाचा चुलता महादू गावातच शेती करायचा. तो म्हणाला, "मी कड्याकडं जातो. हाका मारत जातो."

"कोनाच्या आवाजात मारशील?" आजी म्हणाल्या. "ती आईच्या आवाजाला फसलेय. तुझ्या आवाजाला वळखंल का?" मग माझ्याकडे वळल्या. "बाई, तुमी हजेरी घ्या."

मला समजलं नाही.

"रोज घेता तशी घ्या. सगळ्या पोरांची. तुमच्या हाकेला ती रोज ओ देते. आनि हजर हा शब्द शाळेभायेर कोन बोलत नाय."

हजेरीपट आत राहिला होता. मला नावं तोंडपाठ होती. सगळी ओळ माझ्यामागे वर्गात आली; मी मागच्या पायरीवर कातळाकडे तोंड करून उभी राहिले आणि पहिलं नाव घेतलं. तीनदा. माझ्या पाठीमागून, आजीचा हात धरलेल्या मुलाने उत्तर दिलं, "हजर, बाई." दुसरं नाव, तीनदा. "हजर, बाई." असं एकेक. माझा आवाज धुक्यात जायचा आणि परत यायचा नाही. प्रशिक्षणात म्हणायचे, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचला पाहिजे. मला तेच आठवत होतं.

सानिकाचं नाव आलं.

"सानिका."

लगेच, डावीकडून, कड्याच्या अंगाने, उत्तर आलं, "हजर, बाई."

तिचाच आवाज. शेवटी किंचित नाकात जाणारा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. महादू आपल्या पोराचा हात सोडून धावला. आजींनी त्याचा सदरा मागून पकडला, तो खांद्यावर फाटला तरी सोडला नाही.

"पयल्या हाकेची ओ ती," आजी म्हणाल्या. "सानी नाय ती. बाई, थांबू नका."

मला वाटत होतं, आपण एका पोरीला कड्यावर उभी ठेवून नियम पाळतो आहोत. दरीतून प्रतिध्वनी आला म्हणावं, तर मी "सानिका" म्हटलं होतं आणि तिकडून "हजर, बाई" आलं होतं. तो शब्द शाळेत बसून ऐकल्याशिवाय कुणाला येत नाही.

"सानिका," मी दुसऱ्यांदा म्हटलं. कुठूनच काही आलं नाही.

"सानिका."

मग उजवीकडून, खाली खाचरांतून, रडून बसलेल्या घशाचा, अगदी बारीक आवाज आला. "हजर, बाई."

ती वरून तिसऱ्या खाचरात होती. बांधाला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. महादूने तिला खांद्यावर घालून आणलं तेव्हा तिचे दात वाजत होते. आजींनी तिला लुगड्यात गुंडाळलं आणि चुलीपाशी नेलं. कुणी तिला रागावलं नाही. थोडी ऊब आल्यावर तीच बोलायला लागली.

"मम्मी हाक मारत होती. मी गेले. मग मला तुमची शाळा दिसंना, मग मी बसले. ती सारखी हाक मारत होती, पन एकदाच मारायची. मग गप. मग दुसरीकडून एकदाच. मी थांबले तिसऱ्या हाकेला." तिने माझ्याकडे पाहिलं. "मग तुमी मारली."

महादूने नंतर धुकं विरल्यावर डावीकडे जाऊन पाहिलं. तिकडे कातळ संपतो तिथे पाय ठेवायला जागाच नाही. कुणी उभं राहू शकेल अशी ती जागा नाही.

रेश्माला निरोप गेला. दुसऱ्या दिवशी ती वाडीत चढून आली, मुंबईच्या चपला हातात, पाय चिखलाने भरलेले. ती शाळेच्या ओट्यावर आली. मुलीला जवळ घेतलं, तिला सोडवेना. मग तिला आजींकडे देऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"बाई, एक विचारू? दर शनिवारी मी विचारायचे कशी हाय, तुम्ही सांगायचात छान आहे. सानू सांगायची छान. सासूबाईपन सांगायच्या छान. सगळं छान होतं, तर माझी पोरगी आवाजाच्या मागं धुक्यात कशाला गेली?"

माझ्या साऱ्या नोकरीत पालकाने विचारलेला हा सगळ्यात खरा प्रश्न. मी तिला सांगितलं. की सानिका बसकरावर नेहमी अर्धीच जागा घेते, उरलेली हाताने झाडून ठेवते. की खिचडी मऊ असेल तरच खाते. की गृहपाठात "माझं घर" लिहायला सांगितलं तेव्हा तिने फक्त जिना काढला होता, मुंबईतल्या तुमच्या खोलीचा.

रेश्मा ऐकत होती. "हे फोनवर का नाय सांगितलं?"

"फोन स्पीकरवर असायचा. ती शेजारी उभी असायची."

रेश्माने मान हलवली. बराच वेळ ती तिच्या पायांवरचा चिखल नखाने खरवडत राहिली. मग म्हणाली, "खोली एवढीशी हाय. पाणी सकाळी अर्धा तास येतं. तिला तिथं काय सुख देऊ मी?" आणि थोड्या वेळाने, "पण हाक मारली की मी समोर असेन."

मी दाखला लिहून दिला. पटसंख्या कमी झाली तर शाळेवर गदा येते, हे मला ठाऊक होतं. तरी लिहिताना मला हलकं वाटलं. सानिका आईचं बोट धरून जुन्या पायवाटेने न जाता पुढच्या वाटेने उतरली. आजी वळणापर्यंत गेल्या आणि परत येऊन खिचडीला बसल्या.

त्यानंतर जे झालं ते मी कुणाला सांगून करून घेतलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेत आले, तर मागच्या पायरीवर एक बाई बसलेली. तिसरीतल्या मुलाची आजी. वर्गाकडे पाठ, कातळाकडे तोंड. मांडीवर सुंभाचा गुंडा, वळत बसलेली. शाळा सुटेपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ. तिसऱ्या दिवशी महादू, विळ्याला धार लावत. धुकं असेतो रोज कुणीतरी यायचं. त्यांनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. उन्हाळ्यात सभेला न येणारी माणसं पावसाळ्यात रोज शाळेत. मधल्या सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसायची. असं शेजारी बसून, दोघांनी एकाच दिशेला बघत, जेवढं बोलणं व्हायचं तेवढं समोरासमोर कधी झालं नाही. माझे फोनही चालू राहिले, पण आता मी एकटीच पायथ्याला उतरल्यावर रस्त्यावरून करायची. आया जे सांगायच्या ते ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी मुलाला जवळ बसवून माझ्या तोंडाने सांगायची.

साहेब तपासणीला आले. मागच्या पायरीवरचे आजोबा बघून त्यांनी विचारलं, "हे काय?"

"पालक सहभाग," मी म्हटलं.

साहेब खूश झाले. अशी लोकांची आपुलकी इतर शाळांनीही मिळवावी असं लिहून गेले. आजोबांनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

श्रावणात पाऊस उघडझाप करायला लागला तरी धुकं अधूनमधून यायचंच. अशा एका दुपारी मागच्या पायरीवर सुभद्राआजी बसलेल्या दिसल्या. खिचडीची भांडी घासून झाली होती. हात अजून ओले होते. मी जाऊन शेजारी बसले.

"आजी, ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांच्या पाळ्या. तुमची सानिका तर मुंबईला गेली. तुम्ही कशाला बसता?"

"ती गेली ता तुमाला ठाव, मला ठाव," आजी म्हणाल्या. "हितं कोनी सांगितलंय? हितं तिच्या नावानं हाक येतेच हाय. दुसऱ्या पोरानं चुकून ओ देऊ नये."

समोर कातळ दिसत होता, त्यापुढे काही दिसत नव्हतं. "अजून रेश्माच्याच आवाजात येते?" मी विचारलं.

आजींनी ओले हात पदराला पुसले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "नाय. त्या दिसापासनं तुमच्या आवाजात येते, बाई."

मी उठून वर्गात गेले. मुलं मधल्या सुट्टीनंतरच्या हजेरीसाठी सरळ बसली होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी खुर्चीवर बसले नाही. पहिल्या मुलापाशी गेले आणि काही न बोलता त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याने वर पाहिलं. मग म्हणाला, "हजर." मी पुढच्या मुलीकडे गेले.

त्या शाळेत असेपर्यंत मी हजेरी तशीच घेतली. बाहेरून येणाऱ्यांना वाटायचं, बाई फार मायाळू आहेत.